रिकाम्या परतलेल्या गाडीचे बिल

ओहायोत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीची साखर गेल्या हिवाळ्यात पहाटे एकाएकी उतरली. भाच्याने ९११ फिरवला. रुग्णवाहिका आली, शिरेतून ग्लुकोज गेले आणि थोड्या वेळात ताई उठून त्या मंडळींना चहा विचारू लागली! रुग्णालयात जायला तिने साफ नकार दिला. गाडी रिकामी परतली. बिल मात्र घरी आले, सरकारी विमा असताना.

मी आयुष्यभर बँकेत व्हाउचरे तपासली. एखादे का अडले, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. अमेरिकेत १९६५च्या कायद्याने पासष्टीपुढच्यांसाठी मेडिकेअर आली. तिच्या हिशेबी रुग्णवाहिका म्हणजे वाहतूक : ठराविक मूळ रक्कम, वर मैलांचे पैसे. रुग्णाला रुग्णालयात पोचवले तर पैसे, घरीच सावरले तर नाहीत. आणि गाडी निघाल्यावर, पण रुग्णाला आत घेण्यापूर्वी तो मृत घोषित झाला, तर मूळ रक्कम मिळते! जगून घरी राहिलेल्याचे व्हाउचर तेवढे नामंजूर.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. करोनाकाळात या नियमाला तात्पुरती सूट होती. शिवाय डॉक्टर समक्ष किंवा व्हिडिओवर असेल तर घरच्या उपचाराचेही पैसे देण्याचा प्रयोग जानेवारी २०२१मध्ये सुरू झाला. पाच वर्षे चालायचा तो २०२३अखेर गुंडाळला. अपेक्षेइतक्या सेवा त्यात उतरल्या नाहीत, रुग्णही थोडे मिळाले.

हिशेबनिसाची भीती मला समजते. रुग्णालयात पोचलेल्या रुग्णाची तिथे नोंद होते; घरी बरे झालेल्याची पावती कोण देणार? खोटी बिले निघतील. पण या भीतीपायी, गरज नसलेला म्हातारा आकस्मिक विभागात नेला जातो आणि तिथले कितीतरी मोठे बिल हाच विमा निमूट भरतो. पै वाचवून रुपया घालवण्याचा हा प्रकार! आपल्याकडे २०१४पासून धावणाऱ्या १०८च्या गाडीचे बिल निदान रुग्णाच्या दारी येत नाही.

ताईने आता उशाशी खडीसाखरेची डबी ठेवली आहे. भाच्याला बजावलेय, “मला विचारल्याशिवाय फोन करायचा नाही.” बेशुद्ध आईला विचारायचे कसे, हे त्याने अजून तिला विचारलेले नाही.