उन्हाळ्याच्या सुट्टीत एक गोधडी

हस्तकलेचे काम दिले की आपण पालक प्रथम बाजार गाठतो. माझे मत असे की या सुट्टीत नवे कापड आणूच नये. घरातल्या जुन्या कपड्यांची लहानशी गोधडी मुलांनी शिवावी.

हिंदीत 'गुदडी का लाल' म्हणताना गुदडी ही गरिबीची खूण ठरते. पण आजीची गोधडी नीट पाहा. जुन्या लुगड्याचे अस्तर, वर निवडून मांडलेली ठिगळे आणि त्यांना धरून ठेवणारा धावदोरा. हिरव्याशेजारी लाल शोभेल की पिवळे, हे ठरवणे म्हणजे चित्रकलाच. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियाही जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. कोपऱ्यांना घडीदार तुकड्यांच्या 'फुला' लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. अंथरायच्या वस्तूलाही शोभा हवीच!

शिवता शिवता ठिगळ, अस्तर, धावदोरा हे आपले शब्दही मुलांच्या तोंडी बसतील. ते नुसते पाठ करून टिकत नाहीत.

पालकांना एकच विनंती. मूल सुई धरेल तेव्हा जवळ बसा; पण टाका वाकडा पडला म्हणून तो उसवून स्वतः घालू नका. शाळेला मुलाचाच टाका पाहायचा आहे.

– मुख्याध्यापिका