आजारी मूल परदेशीच का जावे?

परदेशातील एखाद्या दांपत्याने आपल्याकडील अनाथालयातून व्याधिग्रस्त बालक दत्तक घेतले, की त्याचे छायाचित्र वृत्तपत्रात छापून येते आणि वाचकांच्या मनात ठराविक दोन प्रतिक्रिया उमटतात. एक कृतज्ञतेची : आपल्याला नको असलेले मूल त्या थोर मनाच्या माणसांनी उराशी धरले. दुसरी संशयाची : गोऱ्या माणसाचा यात काहीतरी डाव असला पाहिजे. या दोन्ही प्रतिक्रियांत एक गोष्ट समान आहे. दोन्हीही परदेशी दांपत्याच्या हेतूविषयी बोलतात. ते मूल मुळात अनाथालयात का आले आणि त्याला देशातच घर का मिळाले नाही, हा प्रश्न दोघींनाही पडत नाही.

या विषयाला आपल्याकडे कायद्याची चौकट मिळाली ती एका पत्रामुळे. परदेशात पाठविल्या जाणाऱ्या बालकांच्या संदर्भातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी त्यावर निकाल दिला. परकीय नागरिकांना भारतात दत्तक घेण्यासाठी स्वतंत्र कायदा तेव्हा नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे पालकत्व मिळवून त्याला परदेशी न्यायचे आणि तिकडे दत्तक घ्यायचे, अशी रीत होती. निकालाने क्रम लावून दिला. आधी भारतीय कुटुंबाचा शोध घ्यावा, त्यासाठी दोन महिने थांबावे आणि तसे कुटुंब न मिळाल्यासच परदेशाचा विचार करावा.

मात्र याच निकालात एक अपवाद आहे आणि तो कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. मूल अपंग असेल, किंवा तातडीच्या उपचाराची त्याला गरज असेल आणि ते उपचार देणे सांभाळणाऱ्या संस्थेला शक्य नसेल, तर दोन महिने थांबण्याचे कारण नाही. त्याला परदेशी कुटुंब मिळवून देण्याची पावले ताबडतोब उचलावीत, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाचा हेतू निखळ करुणेचा होता. मूल मरू नये, एवढेच त्याला पाहायचे होते. पण त्या करुणेच्या पोटात एक कबुली दडलेली आहे. ‘संस्थेला शक्य नसेल तर’ या अटीत संस्थेच्या पाठीशी असलेल्या, किंवा नसलेल्या, शासनाचे दारिद्र्य नोंदले गेले आहे.

त्यानंतर पुष्कळ घडले. १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली, २००३ मध्ये भारताने हेग कराराला संमती दिली, २०१५ मध्ये बाल न्याय कायदा नव्याने झाला. कबुली मात्र पुसली गेली नाही. त्या कायद्याच्या ५९ व्या कलमानुसार दत्तकासाठी मुक्त घोषित झालेल्या बालकाला साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळाले नाही, तर ते परदेशी दत्तकासाठी उपलब्ध होते; आणि अशा दत्तकात शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेली मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना प्राधान्य देता येते. म्हणजे देशात ज्यांना मागणी नाही ती. ‘मागणी’ हा बाजारातला शब्द येथे कानाला खटकतो खरा, पण वस्तुस्थिती त्याहून सौम्य नाही. देशात तीस हजारांहून अधिक कुटुंबे दत्तकाच्या प्रतीक्षायादीत आहेत आणि त्यांना तीन वर्षांहून अधिक काळ ताटकळावे लागते. त्याच वेळी संस्थांमध्ये अशी मुले वाढत असतात की ज्यांच्याकडे या हजारोंपैकी कोणी वळून पाहत नाही. २०२४-२५ मध्ये एकूण ४,५१५ दत्तकविधाने झाली, त्यांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. ही वाढ स्वागतार्हच आहे. परंतु निरोगी तान्हे बाळ हवे म्हणून लागलेली रांग जितकी लांब, तितका व्याधिग्रस्त मुलाचा पाळणा त्या रांगेच्या बाहेरच राहतो.

आता हा प्रश्न पारनेर तालुक्यातून पाहू. कायम अवर्षणाचा हा प्रदेश. येथल्या माणसांनी पोटासाठी मुंबई गाठली आणि आता सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामे शोधली. समजा, अशा एखाद्या कोरडवाहू घरात थॅलेसेमियाचे मूल जन्मले. त्याला दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि ते जन्मभर. रक्त फुकट मिळाले तरी नगरला जाण्याची एस.टी. फुकट नसते; सोबत जाणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. ग्रामीण रुग्णालय ते जिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ते पुण्याचे ससून, ही वाट महिन्यातून दोनदा तुडवणाऱ्या घराचा अर्थसंकल्प कोणत्याही विद्यापीठात शिकवला जात नाही. असे घर मूल सोडून देते, तेव्हा त्याला निर्दय म्हणणे सोपे आहे. कायदा जन्मदात्यांना फेरविचारासाठी साठ दिवसांची मुदत देतो. परंतु साठ दिवसांत पाऊसही पडत नाही आणि मजुरीही वाढत नाही. मग फेरविचार करायचा तो कशाच्या बळावर?

शिवाय ‘विशेष गरजा’ या शब्दाखाली सारीच प्रकरणे असाध्य असतात असेही नाही. दुभंगलेला ओठ जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शस्त्रक्रियेने सांधता येतो. वाकडे पाऊल आठवड्या-आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करता येते. हृदयातील छिद्रावर आपल्याच राज्यातील शल्यविशारद रोज उपचार करीत आहेत. तंत्र आहे, माणसे आहेत, योजनाही आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन तीस प्रकारच्या दोषांची व व्याधींची तपासणी करावी आणि पुढचे उपचार मोफत मिळावेत, अशी तरतूद आहे. महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजनाही आहे. पण कागदावरचा उपचार आणि मुलाच्या अंगावरचा उपचार यांत जे अंतर पडते, त्या अंतरातच मूल सोडून दिले जाते.

मग परदेशी कुटुंबाकडे असे काय असते? केवळ मोठे मन असते, हे उत्तर अपुरे आहे. स्वीडनमधील शिक्षकाच्या पाठीशी करांतून चालणारी सार्वजनिक आरोग्यव्यवस्था उभी असते. बाजाराचे माहेरघर म्हणवणाऱ्या अमेरिकेतही नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्यात दत्तक मुलाला, ते आधीपासून आजारी असले तरी, पोटच्या मुलाप्रमाणेच सामावून घेण्याचे बंधन १९९३ च्या कायद्याने घातले. आपल्याकडे खाजगी विमा कंपनीला आधीच्या आजारासाठी थांबवून ठेवण्याची मुभा आहे. २०२४ मध्ये ती मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली, हीच प्रगती. नोकरदार दत्तक मातेला २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांची रजा देऊ केली, पण मूल तीन महिन्यांच्या आतले असेल तरच. दोन वर्षांखालच्या सापडलेल्या बालकाला मुक्त घोषित करण्यासाठी कायद्यानेच दोन महिन्यांपर्यंतचा अवधी दिलेला. आजारी मुलाला तर कुटुंब मिळायलाच वर्ष लागते. ज्या मातेला रजेची सर्वांत अधिक गरज, नेमकी तीच वगळली गेली. शेतमजूर बाईला रजा हा शब्द तरी कोणी ऐकवला आहे!

परदेशी दत्तकाच्या वाटेवर स्वर्गच आहे असा समज कोणी करून घेऊ नये. २०१७ च्या नियमावलीत संस्थेला द्यावयाची रक्कम देशी कुटुंबासाठी चाळीस हजार रुपये आणि परदेशी कुटुंबासाठी पाच हजार डॉलर होती. या तफावतीचा मोह काय करू शकतो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. पुण्यातील एका संस्थेच्या कारभाराचा तपास मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला होता. दक्षिण कोरियाने युद्धानंतरच्या दशकांत सुमारे दोन लाख मुले परदेशी पाठवली. त्यांतील अनेकांच्या नोंदी खोट्या केल्या गेल्या आणि त्यात शासनाची जबाबदारी होती, असे तेथील सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये नमूद केले. चीनने २०२४ मध्ये हा दरवाजा जवळजवळ पूर्ण बंद केला. नेदरलँड्सने त्याच वर्षी परदेशी दत्तक टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरवले. घेणारे आणि देणारे दोघेही हात आखडते घेत आहेत. तेव्हा आपल्या आजारी मुलांची सोय परदेशात होईल, या भरवशावर आता फार काळ विसंबता येणार नाही. मात्र येथे उपचाराची व घराची सोय न करता केवळ राष्ट्राभिमानापोटी ही वाट बंद करावी, अशी मागणीही समाजवाद्यांना शोभणारी नाही. तिची किंमत मुले मोजतील.

१८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८७४ मध्ये तेथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या मुलाला आपला मानले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. त्या काळी मुलाला नाकारण्याचे कारण जात आणि लोकनिंदा हे होते. आज फुल्यांचे नाव घेणाऱ्यांच्या घरीही दत्तकाचा अर्ज भरताना आरोग्याच्या रकान्यापाशी लेखणी थांबते. ती का थांबते हे समजण्यासारखे आहे. आईवडिलांच्या पश्चात या मुलाचे काय, या प्रश्नाला आपल्या समाजव्यवस्थेकडे उत्तर नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमियासह एकवीस प्रकारांना मान्यता दिली. निर्वाहाचे उत्तर मात्र कुटुंबावरच सोडले.

नगर शहरात १९८९ पासून काम करणाऱ्या स्नेहालयाचा ‘स्नेहांकुर’ हा दत्तक प्रकल्प आहे. पारनेरच्या कार्यकर्त्यांनी तेथे एकदा जाऊन यावे, देणगी देण्यासाठी नव्हे, तर कोणत्या गावांतून, कोणत्या व्याधीची मुले येतात आणि त्यांपैकी किती आईवडिलांना उपचाराची सोय झाली असती तर मूल ठेवून घ्यावेसे वाटले असते, हे नावगाव न विचारता समजून घेण्यासाठी. परत आल्यावर पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी द्यावेत : गेल्या वर्षभरात बाल स्वास्थ्य पथक आपल्या अंगणवाडीत किती वेळा आले, त्याने किती मुलांना पुढच्या उपचारासाठी पाठवले, आणि त्यांतली किती मुले रुग्णालयापर्यंत पोचली. सेनापती बापटांच्या या तालुक्यात हे प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेण्यापासून आरंभ करता येईल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्रामसेवकाकडे नसेल. ते तालुक्याला मागावे.