मिठाची काटकसर, मांडवाची उधळण

काटकसरीचा उपदेश आपल्या समाजात उदंड होतो. पण तो नेमका कुणाला केला जातो, याचा विचार सहसा होत नाही. तेल बेताने वापरा, दिवे वेळेवर मालवा, रिक्षाऐवजी पायी चला, हे सारे ऐकवायचे ते गृहिणीला. दरमहा तीस हजारांत पाच माणसांचा संसार ओढणाऱ्या स्त्रीला काटकसर शिकविणे म्हणजे कोळणीला मासळी ओळखायला शिकविण्यासारखे आहे.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. बेताच्या उत्पन्नाची आपली कुटुंबे स्वयंपाकघरात बुडत नाहीत. ती मांडवात बुडतात. बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन, साखरपुडा, लग्न, घरभरणी, असा एकेक सोहळा येतो आणि वर्षभर मिठातेलात राखलेले एका रात्रीत हॉल, केटरिंग आणि डीजेच्या पदरात पडते. ते पुरत नाही म्हणून कर्ज निघते.

आता हिशेब मांडू. लग्नासाठी १४ टक्के व्याजाने पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांच्या मुदतीने घेतले, तर हप्ता सुमारे ११,६०० रुपयांचा बसतो आणि परतफेड सात लाखांच्या घरात जाते. तीस हजारांच्या मिळकतीतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम पाच वर्षे अशी निघून जाते. उलट, हेच पाच लाख आधी जमवायचे ठरविले, तर साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत पाच वर्षे दरमहा सुमारे ७,१०० रुपये पुरतात. केवळ क्रम बदलल्याने महिन्याला साडेचार हजारांचा फरक पडतो! तेलामिठाची कोणती काटकसर एवढे वाचवील?

कुणी विचारील, सात हजार तरी उरतात कुठे? प्रश्न रास्त आहे. परंतु ज्याच्यापाशी सात हजार उरत नाहीत, तो साडेअकरा हजारांचा हप्ता कोठून भरणार? साडेतीन हजारच बाजूला पडत असतील, तर सोहळा अडीच लाखांचा करावा. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे प्रभूनेच सांगून ठेवले आहे.

आनंद साजरा करू नये, असे मी म्हणत नाही. आप्तांनी मांडव घालावा, शेजारणींनी तांदूळ निवडावेत, सर्वांनी एका पंगतीला बसावे, यात समाजाचे प्रेम आहे. भाड्याच्या झगमगाटात कसले प्रेम? तिथे उरते ती चढाओढ.

वसईच्या कॅथॉलिकांनी १९१८ साली मॉन्सिग्नर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था उभारली; तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. शेतकऱ्याची मान सावकाराच्या पाशातून सुटावी, ही त्यामागची तळमळ होती. त्यांचे वारस आपण, आणि पाहुण्यांच्या आइस्क्रीमसाठी आपण होऊन तोच पाश गळ्यात घालतो! आता तर सावकाराच्या ओटीवर जावेही लागत नाही. कर्ज मोबाईलवर चालून येते. क्रेडिट कार्डाचे महिन्याला साडेतीन टक्के किरकोळ वाटतात; बारा महिन्यांनी गुणले की ४२ होतात. 'शून्य टक्के व्याज' या आमिषाबद्दल तर रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना खडसावले होते. व्याज नाही म्हणायचे आणि ते शुल्कात दडवायचे, ही चलाखी तिने ओळखली. आपण केव्हा ओळखणार?

उपाय दोन आहेत. पहिला घरातला. वर्षातून एकदा पती, पत्नी व कमावती मुले यांनी एकत्र बसून मिळकत, देणी आणि येणारे सोहळे कागदावर मांडावेत. पुष्कळ घरांत कर्जाचा आकडा पत्नीला कळतो तो हप्ता थकल्यावर. ज्या स्त्रीने काटकसर करायची तिच्यापासून कर्ज लपवायचे, हा उघड अन्याय आहे.

दुसरा उपाय धर्मग्रामाचा, आणि तो श्रीमंतांपासून सुरू व्हायला हवा. सोहळ्याची पातळी ठरवितो तो ऐपतदार. गरीब ती गाठताना धापा टाकतो. म्हणून ज्यांना परवडते, त्यांनीच प्रथम हात आखडावा. त्यांचा साधेपणा शोभून दिसेल आणि गरिबाच्या साधेपणाला कुणी दारिद्र्य म्हणणार नाही.

मिठाच्या बरणीवरचा पहारा आता पुरे झाला. पहारा ठेवायचाच, तर तो निमंत्रितांच्या यादीवर ठेवू या.