जागा रिकाम्या, पोरं पिकअपमध्ये

सरकार म्हणतं, बेकारी घटली. 2017-18 ला काम मागणाऱ्या शंभरात 6 बेकार होते, 2023-24 ला 3.2 उरले. मोजतात कसं? बापाच्या फॉरेस्ट प्लॉटवर फुकट राबणारा बारावी पास पोरगाही त्यांच्या वहीत कामाला लागलेला! मग आम्ही सगळेच नोकरदार.

जागा नाहीत असंही नाही. 9 जून 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, शिक्षक ही पदं स्थानिक आदिवासींची झाली. बागलाणची पश्चिमेकडची गावं त्यात येतात. पोरांनी परीक्षा दिल्या, पास झाली, अन् सुप्रीम कोर्टाचं नाव सांगून नेमणुका अडवल्या. 2024 ला नाशिकला उपोषणं झाली तेव्हा कुठे ऑर्डरी निघाल्या, त्याही मानधनावर.

अन् बोगसवाले? जुलै 2017 ला त्याच कोर्टाने सांगितलं, खोट्या दाखल्यावरची नोकरी टिकणार नाही. सरकारने 21 डिसेंबर 2019 ला त्यांना अधिसंख्य पदावर बसवलं. निकाल विरोधात गेला तरी त्यांचा पगार चालू. निकाल लागायचा आहे म्हणून आम्हाला मानधन!

वनहक्काच्या दाव्यावर पंचनामा करायला येतात तेही हेच तलाठी, वनरक्षक. म्हणून ही भांडणं दोन नाहीत. ग्रामसभा बोलवा, आपल्या गावची रिकामी पेसा पदं लेखी मागा, अन् ठरावाची पोच घेऊन सटाण्याला या.