दूध सांगतं, पण किती?

भ्रूण प्रत्यारोपणाचं गणित थोडक्यात असं. चांगली गाय एरवी वर्षाला फार तर एक वासरू देणार. पण तिची बीजांडं काढून प्रयोगशाळेत भ्रूण तयार केले आणि ते दुसऱ्या गायींच्या गर्भाशयात ठेवले, तर तिचीच कितीतरी वासरं होऊ शकतात. मग दाता गाय कोणती निवडायची? ह्यावर काही मंडळींचं उत्तर तयार असतं: हार्मोन तपासा की, दुधातच कळतं!

कळतं, हे खरंच आहे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. माजाच्या वेळी प्रोजेस्टेरॉन अगदी कमी असतं, मग चढतं आणि गाय गाभण नसेल तर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा घसरतं. हे हार्मोन चरबीत विरघळणारं, त्यामुळे दुधात छान उतरतं. सुई नको, रक्त नको. मुका माज करणारी गायसुद्धा सापडते. (फक्त शेवटच्या धारांत फॅट जास्त, म्हणून आकडाही जास्त येतो. नमुना दर वेळी एकाच पद्धतीने घेतला नाही तर सगळा डेटा कचरा!)

दुसरं हार्मोन एएमएच. हे सहसा रक्तात मोजतात. अंडाशयात वाढणारे छोटे फॉलिकल जितके जास्त, तितकं हे जास्त. म्हणजे कुठल्या गायीकडून जास्त बीजांडं मिळतील, ह्याचा चांगला अंदाज येतो.

आता माझा मुद्दा. एक हार्मोन सांगतं की गाय आज तयार आहे का. दुसरं सांगतं की ती किती बीजांडं देईल. पण तिच्या कालवडी दूध किती देतील, हे दोन्ही सांगत नाहीत. सर्व्हर पिंगला उत्तर देतो म्हणून त्यावरचं सॉफ्टवेअर चांगलं ठरत नाही, तसंच हे. नुसत्या हार्मोनवर निवड केली तर ज्या गायीची प्रत बनवायला सोपी, तिच्याच प्रती निघत राहणार.

ब्राझीलचंच बघा ना. आपल्याकडून गेलेल्या गीर गायींचे भ्रूण तिथे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. पण त्यांनी १९८५ पासूनच वळूच्या मुलींचं दूध मोजून वळू निवडायचा कार्यक्रम चालवलाय. आधी वही, मग प्रयोगशाळा. आपल्याकडेही असे कार्यक्रम आहेत, पण दोन-चार जनावरं असलेल्या गोठ्यात रोजच्या दुधाची लेखी नोंद क्वचितच सापडते.

आणि चूक झाली तर भुर्दंड कोणाला? शेतकऱ्याला! त्याच्या गायीने नऊ महिने परका गर्भ वाढवायचा, मग त्याने कालवड मोठी करायची. ती पहिल्यांदा विते तोवर भ्रूण ठेवल्यापासून जवळपास चार वर्षं गेलेली असतात. तेव्हा कळणार की दूध बेताचंच.

त्यामुळे क्रम असा हवा: आधी दुधाच्या नोंदी, आजारपण, वेतांमधलं अंतर आणि वंशावळ बघून गायींची यादी करा. मग त्या यादीत कोणाला आधी घ्यायचं, कधी घ्यायचं, हे हार्मोनला विचारा. यादीच नसेल तर टेस्ट किटआधी एक वही आणि वजनकाटा घ्या. पहिला खर्च तिथेच व्हायला हवा, असं मला तरी वाटतं.

तुमच्या गोठ्यात अशी वही आहे का? असेल तर जरूर कळवा.