मास्टर चार्ट पाठवा

संशोधनलेखासोबत रुग्णनिहाय आकड्यांची मूळ फाइल जोडावी, ही सूचना गेल्या अंकात छापली आणि तक्रारींची पत्रे येऊ लागली. ‘आमच्यावर अविश्वास का?’ हा बहुतेकांचा सूर. काहींनी तर लेखच परत मागवले. त्यांना आणि इतरांनाही सांगतो, सूचना मागे घेतली जाणार नाही.

इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी ‘अ‍ॅनेस्थेशिया’ या नियतकालिकाकडे फेब्रुवारी २०१७ ते मार्च २०२० या काळात आलेल्या ५२६ ट्रायल तपासल्या. १५३ ट्रायलची स्प्रेडशीट हाती आली, त्यांतल्या ६७ मध्ये खोटे आकडे सापडले. उरलेल्या ३७३ मध्ये, नुसता लेख वाचून, सहाच. संशय आला तिथे फाइल मागवली गेली, हे धरूनही तफावत प्रचंड आहे. टेबलातले मीन आणि एसडी कोणालाही जुळवता येतात. एका रुग्णाची ओळ दुसऱ्याच्या नावावर चिकटवली आहे, हे फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. इजिप्तमधल्या, कोविडवरच्या आयव्हरमेक्टिन ट्रायलमध्ये अशाच ओळी सापडल्या. काही मृत्यूंच्या तारखा तर भरती सुरू होण्याआधीच्या निघाल्या. ती प्रीप्रिंट जुलै २०२१ मध्ये हटवली गेली. तोवर तिचे आकडे मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये जाऊन बसले होते, आणि मे महिन्यात गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना हे औषध देण्याची घोषणाही करून टाकली होती.

आता आपल्याकडचा कारभार पाहा. एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने आमच्यासाठी फाइल तयार केली. नावे, नोंदणी क्रमांक, पत्ते सगळे काढून. एथिक्स कमिटीने परवानगी नाकारली. कारण, रुग्णांची गोपनीयता. त्याच विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या शेवटी मास्टर चार्ट छापलेला आहे आणि त्यात प्रत्येक रुग्णाची आद्याक्षरे, वय, आयपीडी नंबर आणि निदान आहे! बाइंड केलेली ती प्रत ग्रंथालयात कोणीही चाळावी. ओळख पुसलेली फाइल मात्र बाहेर जाता कामा नये. विद्यापीठाला विचारले तर हा कमिटीचा विषय, कमिटीला विचारले तर विद्यापीठाचे परिपत्रक नाही. बारीक टाइपातल्या त्या छापील चार्टवरून एकही गणित पुन्हा पडताळता येत नाही. खरी एक्सेल फाइल परीक्षा संपताच विद्यार्थ्याच्या लॅपटॉपसोबत निघून जाते, आणि दोन वर्षांनी गाइडलाही ती सापडत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी, ठरावीक निकष पाळून, सवलत आहे. कमिटीच्या सदस्यांनी तो कायदा उघडून वाचावा.

‘मागितल्यास देऊ’ हे वाक्यही पुरे झाले. असे लिहून देणाऱ्या १७९२ लेखांच्या लेखकांकडे क्रोएशियातल्या संशोधकांनी खरोखरच आकडे मागितले. सात टक्क्यांहूनही कमी लेखकांनी ते दिले.

म्हणून विनंती नाही, आग्रह आहे. एका ओळीत एक रुग्ण. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक वेगळ्या पानावर. जन्मतारखेऐवजी वय. न मिळालेला आकडा रिकामा ठेवा, शून्य भरू नका. सेल मर्ज करू नका, रंगाने माहिती दाखवू नका. रंग सॉफ्टवेअर वाचत नाही. एखादा रुग्ण वगळला असेल तर ओळ पुसू नका, कारणासह ठेवा. गाइडनी प्रबंधावर सही करण्याआधी ही फाइल स्वतः उघडावी आणि त्यातल्या दहा रुग्णांचे केसपेपर काढून जुळवून पाहावेत. एका दुपारचे काम आहे. आपल्या निष्कर्षावर विसंबून दुसऱ्या गावातला डॉक्टर डोस ठरवणार असेल, तर तेवढी दुपार त्याला देणे लागतो.

आणि ज्यांची कमिटी अडून बसली आहे त्यांनी थांबू नये. नवा प्रोटोकॉल देतानाच संमतिपत्रात ‘ओळख काढलेली माहिती इतर संशोधकांना देण्यास माझी हरकत नाही’ असे कलम घाला. नंतर परवानगीसाठी खेटे घालावे लागणार नाहीत. कलमाचा मराठी मसुदा आमच्याकडे तयार आहे. पत्र टाका, लगेच पाठवू. नकाराचे लेखी उत्तर आले असेल तर तेही पाठवा. महाविद्यालयाचे नाव वगळून पुढच्या अंकापासून ती उत्तरे छापणार आहोत.