कार्डावरचे रिकामे चौकोन

बालमित्रांनो,

परीक्षा संपली की घरोघरी कपाटं आवरण्याची मोहीम निघते. जुन्या वह्या, कंपासपेटीतून हरवलेलं करकटक, आजोबांचा चष्मा... काय काय सापडतं! सातवीतल्या एका मैत्रिणीला असंच कपाट आवरताना एक कार्ड सापडलं आणि तिनं लगेच मला पत्र धाडलं. आधी तिचं पत्रच वाचा.

“प्रिय डॉक्टरमावशी, आईच्या साड्यांखाली माझ्या धाकट्या भावाचं लसीचं कार्ड सापडलं. तो २०१९ च्या जुलैत झाला. तेव्हा आम्ही भिवंडीला राहायचो. कार्डावर साडेतीन महिन्यांपर्यंतच्या सगळ्या चौकोनांत तारखा आहेत. नवव्या महिन्यापासून पुढचे चौकोन मात्र कोरे! आई म्हणाली, ‘तेव्हा करोना होता ना, राहून गेलं.’ पण मावशी, करोना भावाला झालाच नव्हता. मग त्याच्या लशी का राहिल्या? आणि आता काय करायचं?”

वा! प्रश्न विचारावा तर असा. साथ एका रोगाची आणि लस राहिली दुसऱ्याच रोगाची, हे कसं काय? आजच्या गप्पा याच प्रश्नावर.

त्यासाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक चक्कर मारून येऊ. आपल्याकडे नियम असा, की मैदानी भागात साधारण ३० हजार लोकांमागे एक केंद्र असावं आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २० हजारांमागे एक. त्याच्या हाताखाली गावोगावची उपकेंद्रं. तिथे काय चालतं? बाळांना लशी टोचणं, गरोदर बायकांची तपासणी, बाळंतपणं, क्षयाच्या रुग्णांना गोळ्या, आजीच्या रक्तदाबाच्या आणि आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या, हिवतापासाठी रक्ताचे नमुने. रोजचंच काम. डॉक्टर, नर्सबाई आणि गावातल्या आशाताई मिळून ते करतात. आशाताई तर तुमच्या ओळखीच्या असतीलच. २००५ पासून त्या गावागावांत काम करू लागल्या. साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाची लस कधी आहे, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं.

या कामात एक गंमत आहे. ते नीट चाललं तर काहीच घडत नाही! गोवर येत नाही, घटसर्प येत नाही, बाळबाळंतीण सुखरूप घरी येतात. “आज अमुक गावात कुणालाही घटसर्प झाला नाही” अशी बातमी तुम्ही कधी पेपरात वाचलीय? नाही ना? म्हणूनच हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आणि ते थांबलं तर त्या दिवशी कुणाला कळतही नाही.

आता चला २०२० सालात. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. तुम्ही तेव्हा अगदी लहान असाल, पण घरातल्या मोठ्यांना विचारा, ते दिवस त्यांना लख्ख आठवत असतील. त्याच दिवसांत या रोजच्या कामाचं काय झालं, ते बघू.

पहिली गोष्ट माणसांची. करोनासाठी नवे डॉक्टर, नव्या नर्सबाई आणि नव्या आशाताई काही आभाळातून पडल्या नाहीत. होत्या त्याच माणसांनी दोन्ही कामं करायची! मुंबई-पुण्याहून गावी आलेल्यांची नोंद ठेवायची, घरोघर जाऊन ताप आहे का विचारायचं, बोटाला यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचा. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली, तेव्हाही आशाताईच दारोदार फिरल्या. त्यांनी हे काम जिवावर उदार होऊन केलं. पुढे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशाताईंचा गौरव केला, तो उगाच नाही. पण दिवसाचे तास चोवीसच! सकाळी तापाची पाहणी करणारी ताई त्याच वेळी लसीची आठवण करून द्यायला तुमच्या दारात कशी येणार?

दुसरी गोष्ट जागेची आणि यंत्रांची. कितीतरी दवाखाने करोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवले गेले. गावच्या शाळेत बाहेरून आलेल्यांना ठेवलं. क्षयाचे जंतू शोधणारी यंत्रं होती, त्यांच्यावर करोनाच्या तपासण्या होऊ लागल्या. शाळा बंद, म्हणून शाळेत होणारी आरोग्य तपासणीही बंद आणि दहाव्या वर्षी दंडावर टोचतात ते धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शनही लांबलं.

तिसरी गोष्ट रस्त्याची. एसटी बंद, रिक्षा बंद, नाक्यावर पोलीस. नऊ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आईनं पाच-सात किलोमीटर चालत जायचं का?

चौथी गोष्ट भीतीची. दवाखाना म्हणजे करोना, असं सगळ्यांच्या मनात बसलं होतं. बरं वाटत नसलं तरी लोक जाईनात. मग ठणठणीत बाळाला तिथे कोण नेणार? खोकला आला तर माणसं तो चक्क लपवायची!

आणि पाचवी गोष्ट, आपल्या मैत्रिणीच्या घरची. टाळेबंदीत लाखो माणसं शहरातून गावाकडे परतली. भिवंडीच्या नर्सबाईंच्या यादीत बाळाचं नाव होतं, पण बाळ तिथे नव्हतं. गावात बाळ होतं, पण गावच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. झालं! बाळ दोन याद्यांच्या मधल्या फटीतून खाली पडलं.

म्हणजे बघा, कुणी मुद्दाम लस बंद केली नव्हती. उलट केंद्र सरकारनं एप्रिल २०२० मध्येच कळवलं होतं, की बाळंतपण, लसीकरण, क्षयाचे उपचार ही जरुरीची कामं चालू ठेवा. लसीकरणासाठी एका वेळी मोजक्याच मुलांना बोलवा, अंतर ठेवून बसवा, अशाही सूचना आल्या. कितीतरी ठिकाणी तसं झालंही. पण सगळीकडे आणि वेळेवर नाही झालं.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे! आपल्या देशात डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वाताच्या लसीचे तिन्ही डोस २०१९ साली १०० पैकी ९१ बाळांना मिळाले होते. २०२० साली ८५ बाळांना. तुम्ही म्हणाल, “८५ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन की, मावशी!” पण भारतात वर्षाला सव्वादोन-अडीच कोटी बाळं जन्मतात. त्यातले सहा टक्के म्हणजे १३ ते १५ लाख बाळं! ज्यांना या लसीचा एकही डोस मिळाला नाही अशी बाळं २०१९ मध्ये सुमारे १४ लाख होती. २०२० मध्ये ती सुमारे ३० लाख झाली. दुपटीहून जास्त.

दुसरं गणित क्षयाचं. २०१९ मध्ये देशात क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली. २०२० मध्ये फक्त १८ लाख. वा, क्षय कमी झाला! टाळ्या वाजवायच्या ना? अजिबात नाही. रोग तितकाच होता, शोधणारे हात कमी पडले. न सापडलेले ते सहा लाख लोक घरातच खोकत होते. त्यांना गोळ्या नव्हत्या आणि त्यांच्या शेजारी त्यांची मुलं झोपत होती. म्हणून आकडा कमी झाला की लगेच खूश व्हायचं नाही. तो का कमी झाला, हे आधी विचारायचं.

हे काही आपल्याच देशात घडलं असं नाही. करोनाच्या आधी, २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिऑन या तीन देशांत इबोलाची भयंकर साथ आली होती. तिनं ११ हजारांहून जास्त माणसं नेली. पण शास्त्रज्ञांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा ते चमकले. दवाखाने बंद पडल्यामुळे, लोक तिकडे फिरकेनासे झाल्यामुळे हिवताप, क्षय आणि एड्स यांनी जास्तीची आणखी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली असावीत, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे एक साथ दिसणारी आणि दुसरी तिच्या पाठीमागे लपलेली!

आपल्याकडे लपलेली साथ कधी दिसली? दोन वर्षांनी.

गोवर हा अतिशय चपळ रोग आहे. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतात. लस न घेतलेल्या लोकांत एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. म्हणून गोवर रोखायचा तर १०० पैकी ९५ मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळायला हवेत. तुमच्या वर्गात ६० मुलं आहेत असं समजा. त्यातल्या ५७ जणांनी लस घेतलेली असेल तर उरलेली तिघंही बऱ्यापैकी सुरक्षित, कारण गोवरला पुढे जायला वाटच सापडत नाही. पण लस न घेतलेली दहा-बारा मुलं असली, की गोवरला रान मोकळं.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत नेमकं हेच झालं. गोवरची साथ आली. सगळ्यांत जास्त झळ बसली ती गोवंडीला. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण निघाले. दहाहून अधिक मुलं दगावली. त्यातल्या बऱ्याच जणांना लस मिळालेली नव्हती. सगळा दोष करोनाचाच, असं मी म्हणणार नाही. गोवंडीत दाटीवाटीची वस्ती आहे, मुलांना पुरेसं खायला मिळत नाही, माणसं सारखी घरं बदलतात, काहींना लसीची भीतीही वाटते. ही दुखणी आधीपासूनची. पण २०२० आणि २०२१ मध्ये कार्डावरचे जे चौकोन कोरे राहिले, त्यांनी गोवरला आयतीच वाट करून दिली.

मग नर्सबाई आणि आशाताई पुन्हा घरोघर फिरल्या. राहिलेली मुलं शोधून काढली, लशी टोचल्या, ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस दिले. देशभरही ‘मिशन इंद्रधनुष’च्या खास फेऱ्या झाल्या. एकही डोस न मिळालेल्या बाळांची संख्या २०२२ मध्ये सुमारे ११ लाखांवर उतरली. २०२३ मध्ये ती पुन्हा चढून १६ लाखांच्या घरात गेली आणि २०२४ मध्ये ९ लाखांवर आली. म्हणजे हे काम एकदा करून संपत नाही. घासलेली भांडी संध्याकाळी पुन्हा घासावी लागतात ना, तसंच!

आता आपल्या मैत्रिणीचा दुसरा प्रश्न. काय करायचं?

बाळ, पहिली गोष्ट म्हणजे आईला बोल लावू नकोस. बंद एसटी, नाक्यावरचे पोलीस, बदललेलं गाव आणि हातात नऊ महिन्यांचं बाळ. तिनं ते दिवस निभावले हेच पुष्कळ आहे. दुसरी गोष्ट, ते कार्ड फेकू नकोस. कार्ड घेऊन आई आणि भावासोबत आरोग्य केंद्रात जा. उशीर झाला म्हणून सगळ्या लशी पहिल्यापासून घ्याव्या लागत नाहीत. जिथे थांबलं, तिथून पुढे सुरू करतात. काही लशी त्याच्या वयात आता लागणार नाहीत, काही द्याव्या लागतील. कुठल्या, ते तिथले डॉक्टर कार्ड बघून सांगतील. आणि गावच्या आशाताईंच्या वहीत भावाचं नाव लिहिलंय का, तेही विचार. नसेल तर लिहून घ्यायला सांग.

आणि बाकीच्या दोस्तांनो, तुम्हालाही या आठवड्याचा गृहपाठ! आपलं आणि धाकट्या भावंडांचं कार्ड शोधून काढा. एकेक चौकोन बघा. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांकडे जरा जास्त निरखून बघा. कोरा चौकोन दिसला तर आईबाबांना दाखवा. आणि तुमचं वय दहा किंवा सोळा असेल तर धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन झालंय का, तेही विचारा. हो, हो, थोडं दुखतं. पण मुंगी चावल्याइतकंच!

पुन्हा कधी मोठी साथ आली, तर तेव्हा तुम्ही मोठे झालेले असाल. कुणी डॉक्टर, कुणी सरपंच, कुणी आईबाबा. सगळे जण त्या नव्या रोगामागे धावत असतील. तेव्हा तुमच्यातल्या कुणीतरी उठून विचारायचं, “आणि बाळांच्या लशीचं काय? क्षयाच्या गोळ्यांचं काय?” एवढं लक्षात ठेवाल ना?

कार्डावर काय सापडलं ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमची,
डॉक्टरमावशी